साडेसहा टक्क्यांची तूट

त्या रविवारी मी घरी पोचले तेव्हा बाबा सिंकखालच्या कपाटात अर्धे शिरले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. नळाचा वॉशर बदलायचा होता आणि त्याआधी खालचा कॉक बंद करायचा होता. आई टॉर्च धरून वाकली होती.

“चाळीस वर्षं एका नळीत डोकं घालून काढली,” ती मला म्हणाली. “आता कुठे घरातला नळ दिसायला लागलाय.”

“टॉर्च हलवू नकोस,” आतून आवाज आला.

“मी नाही हलवत. तुमचं डोकंच मध्ये येतंय.”

“मग डोक्याला वळसा घालून उजेड पाड.”

कॉक फिरला. बाबा मागे सरकत बाहेर आले, जमिनीवरच बसले आणि दम खाल्ला. दोन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही आणि मनाला धक्का बसेल असं काही होऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात होत्या. तिसरी आम्ही दोघींनी आपल्याकडे घेतली होती.

“काल मिनिटाला अकरा थेंब पडत होते,” ते मला म्हणाले. “आज चौदा. म्हणजे थांबून चालणार नव्हतं.”

“थेंब मोजत बसले होते,” आई म्हणाली. “घड्याळ लावून. ह्या घरात ताप आला तरी दोन थर्मामीटरनी येतो.”

हे खरं होतं. आमच्याकडे दोन थर्मामीटर होते, आणि दोन्हींत किती फरक पडतो हे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मोजण्याचं साधन आधी मोजून घ्यावं, हा बाबांचा जन्मभराचा धंदा. ते क्ष-किरण दुर्बिणींचं कॅलिब्रेशन करायचे. दुर्बीण आकाशात जाण्याआधी तिचे आरसे किती किरण गोळा करतात, किती वाया घालवतात, ते जमिनीवर ठरवायचं. मीही तेच करते, फक्त दुर्बीण वर गेल्यानंतर. त्यांनी जमिनीवर ठरवलेलं आकाशात खरं ठरतं का, ते मी बघते. सध्या कक्षेत फिरणाऱ्या आमच्या दुर्बिणीचे आरसे हे त्यांचं शेवटचं काम होतं. ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी ती वर गेली.

वॉशर बसला. चहा झाला. आई आत गेली तसे बाबा खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसले.

“तेजोमेघ बघून झाला ना?” त्यांनी विचारलं. “आकडे काय म्हणतात?”

तो तेजोमेघ म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. तो किती तेजस्वी आहे हे बऱ्याच दुर्बिणींनी मोजून ठेवलंय, म्हणून नवी दुर्बीण वर गेली की पहिल्यांदा त्याच्याकडे वळवतात. आम्ही वळवली होती. आकडे येऊन तीन आठवडे झाले होते. तेजोमेघ असायला हवा त्यापेक्षा साडेसहा टक्के मंद दिसत होता. म्हणजे आमचे आरसे बाबांनी सांगितल्यापेक्षा साडेसहा टक्के कमी किरण गोळा करत होते.

मी कपावर फुंकर घातली. चहा काही तितका गरम नव्हता.

“अजून पूर्ण नाही आले,” मी म्हणाले. “मधला एक टप्पा पुन्हा उतरवून घ्यावा लागतोय.”

“बरं,” बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिंककडे. “बघ, एकही थेंब नाही.”

सोमवारी सकाळी अकरा वाजता आईचा फोन आला. मी ऑफिसमध्ये होते. ती फक्त म्हणाली, “ये.” मी पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. माणसं येऊन बसली, उठून गेली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या. बाबांबद्दल जो तो चांगलं बोलला, आणि विशेष म्हणजे ते सगळं खरं होतं. पंधराव्या दिवशी, सोमवारी, मी कामावर परत गेले.

माझ्या टेबलावरचा आलेख मी ठेवला होता तसाच होता. त्यात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

दुर्बिणीला कमी दिसायला लागलं की पहिला संशय मळावर जातो. यानातल्या गोंदातून, रंगातून, तारांच्या वेष्टणातून बारीक वाफ निघत राहते आणि डिटेक्टरसमोरच्या थंड पडद्यावर जाऊन बसते. आमच्या गटानंही तूट ह्या थराच्याच नावावर टाकली होती. पण असा थर मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, किरणांना जास्त अडवतो आणि कडक, म्हणजे जास्त ऊर्जेचे, किरण त्यातून आरामात निघून जातात. शिवाय तो महिन्यामहिन्यानं वाढतो. आमची तूट मऊ किरणांत साडेसहा टक्के होती, कडक किरणांतही साडेसहा टक्के होती, आणि पहिल्या आठवड्यापासून जशीच्या तशी होती. मळ असा वागत नाही. असा वागतो तो चुकलेला आकडा.

हे मी बाबा असतानाच पाहिलं होतं. वेगवेगळ्या ऊर्जेची तूट एका कागदावर मांडून पाहायचं फक्त मलाच सुचलंय असं मला वाटत होतं, आणि मी तो कागद कुणाला दाखवला नव्हता. अजून एकदा तपासते, असं स्वतःला सांगत तीन आठवडे तो पोटात ठेवला होता.

कामावर गेले त्या दिवशी दुपारी ताई माझ्या खोलीत आली. ताई म्हणजे आमच्या गटाची प्रमुख. ती बाबांची विद्यार्थिनी. मी शाळेत असताना ती आमच्या घरी जेवायला असायची, तेव्हापासून मी तिला ताई म्हणते आणि आता सगळं ऑफिस म्हणतं.

“पहिली फाईल पुढच्या बुधवारी बाहेर द्यायची आहे,” ती म्हणाली. ह्या फाईलवरून जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीनं मोजलेल्या किरणांचं ताऱ्यांच्या खऱ्या तेजात रूपांतर करतात. “सरांचा आकडा आहे तसाच ठेवतोय. तूट थरात घालू. प्रस्तावनेत सरांच्या नावानं चार ओळी लिहिल्यात. तू वाचून घे. आरशांचं पान तुझ्या सहीचं आहे.”

“थरात बसते का ती तूट?” मी विचारलं.

“बसवू,” ताई म्हणाली. जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो जरा जास्त वेळ ठेवला असं मला वाटलं.

त्या चार ओळी सुंदर होत्या. शेवटची ओळ अशी होती की ह्या दुर्बिणीचं प्रत्येक मोजमाप सरांच्या एका आकड्यावर उभं आहे. मी ती वाचली आणि कागद उलटा करून ठेवला.

सही केली असती तर काही बिघडलं नसतं, निदान लगेच नाही. साडेसहा टक्क्यांनी कुणी मरत नाही. दुर्बिणींचं एकमेकींशी तसंही पटत नाही. प्रत्येक गटाला आपली सोडून बाकी सगळ्या बिघडल्यात असं वाटतं, आणि सगळे मिळून दर वर्षी एका सभेत त्यावर सभ्य शब्दांत भांडतात. आमची तूट त्या गोंगाटात दोनेक वर्षं सहज खपली असती. मग कधीतरी एखाद्या परक्या ऑफिसात, बाबांना कधी न पाहिलेल्या माणसानं ती शोधून काढली असती.

पण आकडा चुकला असेल तर तो चुकला कुठे, हे मला सापडत नव्हतं. बाबांच्या मोजणीची सगळी पानं मी दोनदा वाचली. एकेक गणित पुन्हा केलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी वर्कशॉपला गेले. वर्कशॉपच्या मागे ती नळी आहे, आईची ‘नळी’. सव्वाशे मीटर लांब पोलादी बोगदा, आतली हवा काढून टाकलेली. एका टोकाला क्ष-किरणांचा दिवा, दुसऱ्या टोकाला आरसे, आणि आरशांनी गोळा केलेले किरण मोजायला मागे एक काउंटर. बाबांचा आकडा तिथेच जन्मला. फिटरकाका तिथे आजही आहेत. बाबा निवृत्त झाले तेव्हा म्हणे काकांनाही निवृत्तीचं विचारलं होतं, आणि काका म्हणाले होते की नळीला कोण सांभाळणार.

ते एका झाकणाची कडा फडक्यानं पुसत होते. मला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“ये बाळ. आई कशी आहे?”

“ठीक आहे. काका, एक विचारू? आरशांच्या मोजणीतला तो काउंटर. त्याच्या तोंडावर जाळी होती ना?”

“होती. पडदा इतका पातळ की फुंकर मारली तरी फाटेल. आतल्या गॅसच्या दाबानं फुगून फुटू नये म्हणून त्याला जाळीचा टेकू. मीच बसवली होती. तीनदा. दोनदा फाटला.”

जाळीच्या तारा धातूच्या असतात. त्यांच्यावर पडलेला किरण मऊ असो की कडक, तिथेच संपतो. म्हणून जाळीमागे जितके किरण मोजले जातात त्यात जाळीनं खाल्लेल्या किरणांची भर घालावी लागते. बाबांनी ती घातली होती. मी पान उघडून दाखवलं.

“आणि काउंटर किती पकडतो, किती सोडतो, हे ज्या प्रयोगशाळेनं तपासून दिलं,” मी विचारलं, “त्यांनी तो जाळी काढून तपासला का?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी विहीर उलटी करता येते का असं विचारलंय.

“जाळी काढून? काढली की पडदा गेला. आख्खा काउंटर पेटीत भरून मी पाठवला, आख्खा परत आला. त्यांनी दिलेला आकडा जाळीसकट होता.”

मी पानाकडे बघत राहिले. त्या आकड्यात जाळीची भर आधीच होती. बाबांनी ती पुन्हा घातली होती. आरशांनी गोळा केलेले किरण त्यामुळे कागदावर वाढले, सगळ्या ऊर्जांत सारखेच. मी पेन मागून घेतलं आणि जाळीच्या तारांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर मांडून पाहिलं. साडेसहा टक्के.

“हे बाबांना माहीत नव्हतं?”

“त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला काय ठाऊक ते कागदावर काय करतायत. जाळी विसरायची नाही म्हणून त्यांनी त्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. काळजी घेणारा माणूस.” ते थांबले. “म्हणजे चुकलं का काही?”

“हो.”

“त्यांना कळलं होतं जाण्याआधी?”

“नाही.”

“अरेरे,” काका म्हणाले. त्यांनी डोकं हलवलं. “कळलं असतं तर नाचले असते गं. मागच्या दुर्बिणीच्या वेळी दोन टक्क्यांची चूक सापडली होती, स्वतःचीच, छापून झाल्यावर. आख्ख्या वर्कशॉपला चहा पाजला. म्हणाले, माझी चूक मीच धरली, दुसऱ्या कुणाला तो मान मिळू दिला नाही. तुला तीन आठवडे लागले ना? त्यांना सांगितलं असतंस तर खुर्चीतून न उठता सांगितलं असतं, जाळी बघ.”

आकडे कधी आले हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते तीन आठवडे म्हणाले ते आपले अंदाजानं. तरी माझा हात थांबला. मी पेन परत दिलं आणि निघाले.

आकडा कुठे चुकला ते आता मला सापडलं होतं. तो दुरुस्त करणं अवघड नव्हतं. बुधवारी बैठकीत म्हणायचं, शुक्रवारी वर्कशॉपला गेले होते, काकांकडून जाळीचं कळलं. हे प्रत्येक शब्दानं खरं ठरलं असतं. बाबांचा आकडा सुधारला असता, चूक त्यांच्या मुलीनंच धरली असं लोक कौतुकानं म्हणाले असते, आणि त्या रविवारचं खोटं माझ्यापाशीच राहिलं असतं. गाडी चालवताना मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं जमत होतं.

शनिवारी आईकडे गेले. ती बाबांचे शर्ट काढून बसली होती. कुणाला द्यायचे आणि कुठले ठेवायचे असे दोन गठ्ठे. द्यायच्या गठ्ठ्यात एकच शर्ट होता.

“ह्याची कॉलर गेलीये,” ती म्हणाली. “नाहीतर हाही ठेवला असता.”

मी तिच्या शेजारी बसून घड्या घालू लागले. मग ती म्हणाली, “तुझ्या त्या कामाचं झालं का? ते काय सापडलं होतं तुला.”

“काय सापडलं होतं?”

“मला काय माहीत. त्या रविवारी तू गेल्यावर हे म्हणाले, हिला काहीतरी सापडलंय. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, मी विचारल्यावर तिनं थंड चहावर फुंकर मारली.” आई हसली. हसताना तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते शर्टाला पुसले. “अगदी खुशीत होते. म्हणाले, उद्या फोन करून विचारतो, नाहीतर सांगेल आपणहून, घाई कशाला. जेवताना पण आपलं तेच. माझीच काहीतरी चूक सापडली असणार, म्हणून बोलत नाही पोरगी.”

मी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“काय होतं गं?” आईनं विचारलं.

“सांगते,” मी म्हणाले. पण मला नाही सांगता आलं. आईनं वाट पाहिली नाही. ती पुढचा शर्ट झटकायला लागली.

इतके दिवस मी असं धरून चालले होते की मी त्यांचं मन जपलं. त्या म्हाताऱ्या, आजारी माणसाचं, ज्याला धक्का देऊ नये असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तो माणूस मीच बनवला होता. खरा माणूस त्या रात्री जेवताना खुशीत बसला होता, आपलं काहीतरी चुकलंय आणि ते मुलीला सापडलंय म्हणून, आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघत होता. त्याला मी ते ऐकू दिलं नाही. माझ्याशी असं कुणी वागलं असतं तर मी त्याच्याशी बोलले नसते.

बुधवारी दहा वाजता आम्ही तिघं छोट्या बैठकखोलीत बसलो. ताई, मी आणि फाईलवाला. फाईलवाल्याचं काम म्हणजे सगळ्यांचे आकडे घेऊन शेवटची फाईल बांधणं. तो आमच्याहून दहा वर्षांनी लहान, कीबोर्डवर जेवतो आणि कुणालाही घाबरत नाही.

“थराचं बसवलं एकदाचं,” तो पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला. “पण काय थर आहे हा! पहिल्या दिवशी हजर. तेव्हापासून ना वाढतोय, ना घटतोय. मऊ, कडक, सगळ्यांना सारखाच अडवतो. कायमच्या नोकरीत लागलाय जणू.”

“पुरे,” ताई म्हणाली.

“नाही, मी आपलं—”

“पुरे म्हटलं ना.” ती माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हा मला कळलं की तिनंही तसा कागद कधीच मांडून पाहिला होता.

“थर नाहीये तो,” मी म्हणाले. मी काउंटरचं पान दोघांपुढे सरकवलं आणि जाळीचं सांगितलं. दोन मिनिटं लागली. फाईलवाला पानावर वाकला, ओठ हलवत गणित केलं आणि म्हणाला, “बापरे. दोनदा.” त्याच्या आवाजात आनंद होता, कोडं सुटल्याचा. मग कुणाबद्दल बोलतोय ते आठवून त्यानं मान पुन्हा पडद्याकडे वळवली.

ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे बरोबर असणार,” ती म्हणाली. “पण ऐक. सरांना जाऊन महिनाही झालेला नाही. पहिली फाईल अशीच जाऊ दे. वर्षभरानं दुसरी आवृत्ती काढतोच आपण, त्यात सुधारू. तोवर कुणाचं काय अडतंय?”

“पहिली फाईल किती जण वापरतील?” मी फाईलवाल्याला विचारलं.

“पहिल्या महिन्यात? दोनशे. अडीचशे.” त्यानं ताईकडे पाहिलं. “पण मी काय, दोन्ही बांधून ठेवतो.”

“हीच जाईल,” मी म्हणाले. “सुधारलेली. नाहीतर त्या पानावर मी सही करणार नाही. आणि त्या चार ओळींत ह्या चुकीबद्दलही लिही. जाळीची भर दोनदा घातली गेली, असं. त्यांनीही तसंच लिहिलं असतं.”

ताईनं पान आपल्याकडे ओढून पुन्हा वाचलं. मग मान हलवली.

“बरं,” ती म्हणाली. “लिहिते. सापडलं ते बरं झालं. तुला कधी कळलं हे?”

शुक्रवारी वर्कशॉपला गेले होते. वाक्य तयार होतं. ताई पेन हातात घेऊन थांबली होती, कारण असल्या टिपणात तारीख लिहावी लागते.

“जाळीचं शुक्रवारी कळलं,” मी म्हणाले. “आकडा चुकलाय हे बाबा असतानाच कळलं होतं. तीन आठवडे माहीत होतं मला. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी मला समोर बसवून विचारलं, आकडे काय म्हणतात. मी म्हटलं, आले नाहीत. आले होते, ताई. मला वाटलं त्यांना झेपणार नाही.” माझा आवाज नेहमीसारखाच येत होता, त्याचं मलाच नवल वाटलं. “त्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं. बाबा, तुमचा आकडा साडेसहा टक्क्यांनी चुकलाय. कुठे ते मला सापडत नाहीये. बघता का जरा?”